काठावरची पापडी : जीर्ण वातरक्त आणि पायावरील शस्त्रकर्माचा इतिहास

लोणारच्या सरोवराविषयी जी लोककथा या परिसरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, तिचा निर्णायक प्रसंग पायाच्या अंगठ्याशी निगडित आहे. लोणासुर भूमीखालील विवरात दडून बसला असता दैत्यसूदनाने त्या विवराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले, ते दूर ढाकेफळजवळ जाऊन टेकडीच्या रूपाने पडले, आणि दैत्याचे रक्त म्हणजेच सरोवराचे पाणी व त्याचे मांस म्हणजेच त्यातील क्षार, अशी ही कथा. १९७३ साली शास्त्रज्ञांनी हे विवर उल्कापाताने झाल्याचे पुराव्यानिशी दाखविले, तरी कथेचे माधुर्य त्यामुळे उणावलेले नाही. मात्र अंगठा, रक्त आणि क्षार या तिन्ही गोष्टी ज्या एका व्याधीत एकत्र येतात, तिच्याकडे या गावाचे लक्ष फारसे गेलेले नाही. आयुर्वेद तिला वातरक्त म्हणतो, आजचे डॉक्टर गाऊट म्हणतात. ही व्याधी जीर्ण होऊन पाऊल विद्रूप झाले म्हणजे शस्त्रकर्माची वेळ येते. त्या शस्त्रकर्माचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा रोग समजून घेण्यास लोणारकरांइतके सोयीचे स्थान क्वचितच कोणाला लाभले असेल. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटू लागले की त्यात विरघळलेले क्षार पाण्यात मावेनासे होतात आणि काठावर पांढरी पापडी धरते. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे असलेले हे क्षार एकेकाळी मोठ्या व्यापाराचा माल होते. साबण करणारे, काचेच्या बांगड्या करणारे आणि वस्त्रावरील रंग पक्का करणारे रंगारी, सर्वांना ते लागत. अबुल फजलनेही ‘ऐने अकबरी’त येथील काच व साबण यांच्या सामग्रीची नोंद घेतली आहे. मनुष्याच्या रक्तातही असेच घडते. शरीरातील पेशींची झीज आणि अन्न यांपासून युरिक ॲसिड तयार होते व ते मूत्रावाटे बाहेर जाते. त्याचे प्रमाण शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले म्हणजे ते रक्तात मावत नाही आणि सोडियमच्या क्षाराच्या रूपाने सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. थंड जागी ते अधिक सहज साचतात. पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर व सर्वांत थंड, म्हणून बहुधा तोच पहिला बळी ठरतो. प्रथम मध्यरात्री अकस्मात असह्य वेदना, आठवडाभराने पूर्ण आराम, मग काही महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षानुवर्षे उपेक्षा झाली की अंगठ्याच्या मुळाशी, घोट्याजवळ, टाचेच्या कंडरेवर खडूच्या भुकटीने भरलेल्या गाठी उभ्या राहतात. वैद्यकात त्यांना टोफस म्हणतात. त्या काठावरच्या पापडीच आहेत.

प्राचीन भारतीय वैद्यांना हा रोग चांगला परिचित होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा एकोणतिसावा अध्याय संपूर्ण वातरक्तावर आहे. वातरक्त म्हणजे तंतोतंत आजचा गाऊट असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल, कारण त्या संज्ञेत सांध्यांच्या आणखीही काही विकारांचा समावेश झालेला दिसतो. परंतु वर्णनातील साम्य थक्क करणारे आहे. या रोगाचे एक नाव ‘आढ्यवात’ असे दिले आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुखासीन, सुकुमार, श्रम न करणाऱ्या मनुष्यास तो जडतो, हे निरीक्षण दोन हजार वर्षांपूर्वी केले गेले. दिवसभर गादीवर बसणाऱ्या पेढीवाल्याने हे नाव ऐकून अंतर्मुख व्हावे, इतके ते नेमके आहे. सुश्रुताने हा रोग पायापासून सुरू होऊन उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू अंगभर पसरतो असे म्हटले आहे. त्वचा व मांसापुरता असलेला तो उत्तान आणि सांधे-अस्थींपर्यंत पोहोचलेला तो गंभीर, असे दोन भेदही सांगितले आहेत. उपद्रवांच्या यादीत बोटे वाकडी होणे, फोड येणे आणि अर्बुद म्हणजे गाठी होणे यांचा उल्लेख येतो. जीर्ण अवस्थेचे हे चित्र आजच्या अस्थिरोगतज्ज्ञाने सहज ओळखावे असे आहे.

शस्त्राच्या बाबतीत मात्र या आचार्यांनी विलक्षण संयम पाळला. जळू, शिंग, तुंबडी, सुई यांच्या साहाय्याने थोडे थोडे रक्त काढणे त्यांना मान्य होते. वाताचे प्राबल्य असेल व अंग सुकत असेल तर तेही नको, असा इशारा होता. मुख्य भर गुळवेलीसारख्या औषधांवर, लेपांवर आणि पथ्यावर होता. सुश्रुताने क्षारकर्म, अग्निकर्म आणि जळूप्रयोग यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले, शस्त्रक्रियेचे अनेक प्रकार वर्णिले. त्याच परंपरेत वातरक्ताची गाठ चिरून मोकळी करणे हा प्रमुख उपचार ठरला नाही. यामागे भीरुता नसून अनुभव असावा. चिरलेली गाठ भरून येत नाही, हे त्यांनी पाहिले असेल.

येथे जैन परंपरेकडे वळणे अप्रस्तुत ठरणार नाही. अहिंसाधर्मी समाजाचा शस्त्रक्रियेशी काय संबंध, असा प्रश्न काही मंडळी आजही विचारतात. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’च्या पहिल्या पर्वात भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांपैकी एका भवाची कथा आहे. त्या भवात ते जीवानंद नावाचे वैद्य होते. एका मुनींच्या देहात कृमी पडून ते व्याधिग्रस्त झाले होते. वैद्यापाशी लक्षपाक तेल होते. गोशीर्ष चंदन आणि रत्नकंबल या दोन मौल्यवान वस्तू मात्र नव्हत्या. मित्र एका वृद्ध व्यापाऱ्याकडे गेले. मुनींच्या सेवेसाठी हव्यात हे कळताच त्या व्यापाऱ्याने त्यांचे मोल घेतले नाही. तेलाच्या मर्दनाने कृमी देहाबाहेर आले, ते रत्नकंबलावर गोळा झाले, आणि जीवानंदांनी तेही मरू नयेत म्हणून त्यांना मृत गाईच्या कलेवरावर सोडले. रोग्याला बरे करायचे आणि त्या उपचारात सूक्ष्म जिवाचीही हानी टाळायची, हा आदर्श इतक्या ठसठशीतपणे अन्यत्र क्वचितच आढळेल. श्वेतांबर परंपरेतील भगवान महावीरांच्या चरित्रातही कानांत ठोकलेल्या खुंट्या खरक वैद्याने सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या साहाय्याने उपटून काढल्याचा प्रसंग येतो. म्हणजे शल्य काढणारा वैद्य आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला व्यापारी, हे जोडचित्र या समाजाच्या स्मृतीत फार जुने आहे.

दिगंबर परंपरेत तर एका आचार्यांनी वैद्यकावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ रचला. औषधासाठी मांसाची आवश्यकता नाही, हे मत त्यांनी अमोघवर्षाच्या सभेत विद्वान व वैद्यांसमोर मांडले, आणि तो विचार ग्रंथाच्या शेवटी हिताहित प्रकरणात येतो. आपल्या आधीच्या जैन वैद्यकाचार्यांचे ऋण मान्य करताना त्यांनी पूज्यपादांचे शालाक्य आणि पात्रस्वामींचे शल्यतंत्र यांचा निर्देश केला आहे. शल्यतंत्र म्हणजेच शस्त्रक्रियेचे शास्त्र. जैन मुनींनी शस्त्रक्रियेचे शास्त्र लिहिले ही गोष्ट कित्येकांना नवी वाटेल. हा ग्रंथ हस्तलिखितांत पडून राहिला असता. त्याला छापील रूप लाभले ते महाराष्ट्रात, सोलापुरात. पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी भाषांतरासह तो १९४० साली तेथून प्रकाशित झाला, आणि त्यामागे सोलापूरच्या दोशी घराण्यातील श्रेष्ठींचे द्रव्य होते. येथेही वैद्य आणि वणिक बरोबरच आहेत.

युरोपात या रोगाला ‘पोडाग्रा’ म्हणजे पायाची पकड असे नाव होते. तेथेही तो राजे, सरदार आणि धनिक यांचा रोग मानला जाई. इंग्लंडचा विख्यात वैद्य सिडनहॅम स्वतः या व्याधीने पिडला होता. १६८३ साली त्याने लिहिलेले वर्णन आजही आदराने वाचले जाते. त्याच्या काही वर्षे आधी, १६७९ मध्ये, हॉलंडच्या लेव्हेनहुक याने गाठीतील पांढरा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा खडूच्या कणांऐवजी त्याला सुयांसारखे स्फटिक दिसले. विशेष म्हणजे हा लेव्हेनहुक व्यवसायाने कापडाचा व्यापारी होता. कापडातील सूत तपासण्याच्या भिंगापासून त्याची दृष्टी या सूक्ष्म जगाकडे वळली असे मानले जाते. १७७६ मध्ये शेले याने मूतखड्यातून युरिक ॲसिड वेगळे केले, १७९७ मध्ये वोलास्टन याने सांध्यावरील गाठीत तेच द्रव्य असल्याचे दाखविले आणि १८४८ मध्ये लंडनच्या गॅरडने ते रोग्याच्या रक्तात सिद्ध केले. गॅरडची पद्धत मोठी गमतीची होती. रक्ताच्या पाण्यात आम्ल मिसळून त्यात एक धागा सोडायचा आणि काही काळाने त्या धाग्यावर स्फटिक धरले का ते पाहायचे.

वेदनेवरचे औषध मात्र पूर्वेकडूनही आले होते. हकिमांचे सुरंजान मुंबईच्या बाजारात मिळत असे. विल्यम डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनौषधींच्या ग्रंथात त्याची दखल आहे. याच कुळातील वनस्पतीतून निघालेले कोल्चिसिन आजही गाऊटच्या झटक्यावर दिले जाते. गॅरडच्या काळात क्षारयुक्त पाणी व लिथियमचे क्षार देण्याचीही मोठी प्रथा पडली, कारण युरिक ॲसिड क्षारात अधिक विरघळते. एवढ्यावरून कोणी लोणार सरोवराचे पाणी प्राशन करू नये. ते इतके तीव्र क्षारयुक्त आहे की त्याने पोटात दाह होईल, सांध्यातील गाठ विरघळणार नाही.

गाठीला शस्त्र लावण्याची भीती युरोपातही दीर्घकाळ होती आणि ती साधार होती. गाठीवरील त्वचा ताणून कागदासारखी पातळ झालेली असते, तिला रक्तपुरवठा अपुरा असतो. चिरल्यावर खडू निघतो, पण जखम महिनोन् महिने झिरपत राहते. जंतुनाशक पद्धतीचा प्रसार लिस्टरने १८६७ पासून केला. त्यापूर्वी अशा जखमेतून सडका ज्वर होऊन पाय किंवा प्राण गमावण्याचा धोका असे. विसाव्या शतकात चित्र पालटले. १९४३ मध्ये अमेरिकेतील लिंटन व टॅलबॉट या डॉक्टरांनी गाठी असलेल्या गाऊटच्या शस्त्रक्रियेवर निबंध प्रसिद्ध केला आणि योग्य काळजी घेतल्यास शस्त्र वापरता येते हे मांडले. पाठोपाठ १९५१ साली मूत्रावाटे युरिक ॲसिड बाहेर टाकणारे प्रोबेनेसिड आले. १९६६ मध्ये ते तयार होण्यालाच आळा घालणाऱ्या ॲलोप्युरिनॉलला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते शोधणाऱ्या हिचिंग्ज व एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्र सुरक्षित झाले त्याच पिढीत ते बव्हंशी अनावश्यक ठरावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

मग आज शस्त्रकर्म कोणाचे होते? ज्याने गोळी वेळेवर घेतली नाही त्याचे, हे कटू असले तरी खरे उत्तर आहे. झटका ओसरला की रोग गेला असे समजून दहा-पंधरा वर्षे केवळ वेदनाशामक गोळ्यांवर काढणारा रुग्ण शेवटी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथील रुग्णालयाची पायरी चढतो. तेव्हा त्याच्या पावलाला कोणतीही चप्पल बसत नसते. गाठ फुटून पांढरा चिखल वाहत असतो. कित्येकदा मधुमेहही जोडीला असतो. गाठ फुटून त्यात जंतुसंसर्ग होणे, गाठीने नस दाबली जाणे, सांधा खिळखिळा होऊन चालणे अशक्य होणे, ही शस्त्रक्रियेची खरी कारणे होत. पाऊल केवळ कुरूप दिसते म्हणून शस्त्र धरण्यास जाणते सर्जन राजी होत नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील युरिक ॲसिड शक्य तितके खाली आणले जाते, कारण शस्त्राच्या आघातानेच नवा झटका येऊ शकतो. त्यासाठी कोल्चिसिनसारखे औषधही आधीपासून सुरू ठेवतात. मूत्रपिंडाची तपासणी होते. छेद देताना सर्वांत पातळ त्वचा टाळून कडेने जावे लागते. आत ओल्या चुन्यासारखा लगदा असतो. तो लहान चमच्यासारख्या उपकरणाने खरवडतात आणि सलाईनने पुनःपुन्हा धुतात. मात्र स्फटिक कंडरांच्या धाग्यांत असे मिसळलेले असतात की ओल्या सुती कापडात मुरलेली खळ पूर्ण काढण्यासारखेच ते अशक्य असते. सर्व काढण्याच्या हट्टापायी कंडरा तोडणे हा अविवेक ठरतो. म्हणून सर्जन थोडे मागे ठेवतात, उरलेले औषधावर सोपवितात. अलीकडे लहान छिद्रांतून फिरत्या पात्याचे यंत्र घालून लगदा शोषून घेण्याची रीतही प्रचारात आली आहे, तीत त्वचा मरण्याचा धोका कमी असतो. अंगठ्याचा सांधाच कुरतडला गेला असेल तर दोन्ही हाडे स्क्रू-पट्टीने एकत्र जोडून सांधा कायमचा स्थिर करतात. अंगठा वाकत नाही, पण पाऊल वेदनारहित टेकता येते. हाडात पू झाला तर बोट काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जखम भरण्यास साध्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आठवडे लागतात, आणि कडेची त्वचा काळी पडणे ही गुंतागुंत अनुभवी हातांतही घडते.

पापडी खरवडली तरी सरोवर तसेच राहते. काठ स्वच्छ केला म्हणून पुढच्या वैशाखात क्षार साचायचे थांबत नाहीत. त्याप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर रक्तातील युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली, आणि मोठ्या गाठी असलेल्यांत ५ च्याही खाली, दीर्घकाळ ठेवावे लागते. तसे ठेवले तर न कापलेल्या गाठीही महिन्या-वर्षांनी हळूहळू विरघळतात. ऑपरेशन झाले, आता गोळी कशाला, असे म्हणणारा रुग्ण त्याच टेबलावर पुन्हा येतो.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला हा रोग कसा होईल’ असा एक समज या समाजात घट्ट रुजला आहे. याचे अर्धे समर्थन विज्ञान करते. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचे बारा वर्षे निरीक्षण करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे यांनी गाऊटचा धोका वाढतो असे आढळले. डाळी-भाज्यांनी तो वाढला नाही, दुग्धजन्य पदार्थांनी उलट घटला. म्हणून तूरडाळ सोडण्याचे जे अघोरी पथ्य घरोघरी सांगितले जाते, त्याला फारसा आधार नाही. परंतु बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष मूत्रपिंडाने युरिक ॲसिड कमी प्रमाणात बाहेर टाकण्याचा असतो. तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. त्यात स्थूलता, रक्तदाबासाठी घेतलेल्या लघवीच्या गोळ्या आणि साखरेची शीतपेये यांची भर पडते. या साऱ्यांपासून शाकाहार संरक्षण देत नाही.

याहून नाजूक विषय तपश्चर्येचा आहे. निराहार उपवासात शरीर चरबी जाळू लागते. त्यातून निर्माण होणारी आम्ले मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडची वाट अडवितात, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. चौविहार उपवासात पाणीही नसते, त्यामुळे ते आणखी वाढते. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या गाऊटच्या रुग्णाला चौथ्या-पाचव्या दिवशी झटका यावा, यात तपाचा दोष नाही आणि कर्माचाही नाही. सरोवर आटले, इतकेच. अशा श्रावक-श्राविकांनी तपापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधाची वेळ ठरवून घेणे आणि शक्य असेल तेथे तिविहार उपवास पत्करून पाणी पिणे हितावह आहे. झटका आल्यावर नियमित चालू असलेले ॲलोप्युरिनॉल घाबरून बंद करणे ही आणखी एक नेहमीची चूक, ती टाळावी. प्रत्याख्यानाच्या सूत्रात ‘सव्वसमाहिवत्तियागार’ नावाचा आगार पूर्वाचार्यांनी घालून ठेवला आहे, तो तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासाठीच. त्याविषयी गुरुमहाराजांना विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. अनवाणी विहार करणाऱ्या पूज्य साधू-साध्वींच्या बाबतीत तर श्रीसंघाने आपणहून चौकशी करावी, कारण ते स्वतःच्या पायाची तक्रार सहसा बोलून दाखवीत नाहीत.

शस्त्रक्रियागृहातून निघालेल्या त्या पांढऱ्या लगद्याचे पुढे काय होते, हेही सांगण्यासारखे आहे. निदान पक्के करण्यासाठी त्याचा एक अंश प्रयोगशाळेत पाठवितात. इतर ऊती नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनच्या पाण्यात ठेवल्या जातात, पण हा नमुना तसा ठेवला तर स्फटिक त्या पाण्यात विरघळून जातात आणि तपासणाऱ्याला केवळ रिकाम्या जागा दिसतात. म्हणून तो शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. मग ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, मॅककार्टी व हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, त्या सुया झळाळताना दिसतात. त्या कापड-व्यापाऱ्याला १६७९ मध्ये दिसल्या होत्या, त्याच.